धान निघालं की नाटक : झाडीपट्टीचा हंगाम कसा उभा राहतो

आजचा विषय 'झाडीपट्टी रंगभूमीचा येता हंगाम' असा जाहीर झालाय. त्यामुळे काही जणांना वाटलं असेल, की मी येणाऱ्या नाटकांची यादी वाचून दाखवणार. तारीख अमुक, गाव तमुक, नाटक हे. तशी यादी आज देता येत नाही. आता पावसाळा आहे. कंपन्या नवी नाटकं बसवायच्या विचारात आहेत, कलावंतांची जमवाजमव चाललीय. पण कुठल्या गावात, कुठल्या रात्री काय होणार, हे पक्कं व्हायचंय. कारण ते ठरवणारा अजून शेतात उभा आहे. तो म्हणजे धान.

हे मी गमतीनं म्हणत नाही. मुंबई-पुण्यात नाटकाची तारीख नाट्यगृहाच्या उपलब्धतेवर ठरते. झाडीपट्टीत ती पिकावर ठरते. हा एक फरक नीट समजला, तर तिथली बाकीची सगळी व्यवस्था उलगडते. तेवढंच आज करूया.

आधी प्रदेश. झाडी म्हणजे जंगल. विदर्भाच्या पूर्वेकडचे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे, त्यांतला जंगलाचा आणि तळ्यांचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथं पश्चिम विदर्भासारखा कापूस नाही, भात आहे. लोक त्याला धान म्हणतात. या भागाची स्वतःची झाडीबोली आहे. दंडार, खडी गंमत असे जुने लोकप्रकार आहेत. आणि आजच्या नाटकधंद्याचं केंद्र आहे वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. वैनगंगेच्या काठचं, रेल्वे स्टेशन असलेलं हे गाव. नाटक ठरवायला गावोगावचे लोक इथं येतात, कलावंतही इथूनच गाडीत बसतात.

आता कॅलेंडर बघा. पावसाळ्यात रोवणी. त्या दिवसांत कुणाला मान वर करायला वेळ नसतो. हलकं धान दिवाळीच्या आसपास निघतं. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरायला लागते. मंडई म्हणजे इथं भाजीबाजार नव्हे, गावाची जत्रा. भारी धान त्यानंतर निघतं, मळणी होते, धान विकलं जातं, हातात पैसा येतो. थंडीही पडलेली असते. मग नाटकांच्या रात्री वाढत जातात, त्या होळीपर्यंत. होळीच्या सुमाराला जंगलात मोहफुलं पडायला लागतात. भल्या पहाटे उठून ती वेचायची, त्यानंतर तेंदूपानांचा हंगाम. आता रात्रभर जागून कसं चालेल? नाटकाचा हंगाम संपतो. म्हणजे दोन्ही टोकांना काम आहे, आणि मधल्या मोकळ्या जागेत नाटक बसलंय.

जागेचंही तसंच. नाटकासाठी वेगळं नाट्यगृह नाही. धान कापून मोकळी झालेली बांधी किंवा गावालगतचं मैदान घ्यायचं, कनातीनं बंदिस्त करायचं, रंगमंच उभारायचा, पडदे टांगायचे. काही ठिकाणी प्रेक्षकांची जागा खोल खणून उताराची करतात आणि निघालेली माती रंगमंचाखाली भरतात. मागच्याला पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. पीक उभं असताना यातलं काहीच शक्य नाही.

आता पैसा. हे नाटक फुकट नसतं, तिकीट लावून होतं. पण धंद्याची जोखीम कुणाच्या डोक्यावर आहे, ते पाहण्यासारखं आहे. गावातली मंडळी, बहुधा तरुण पोरं, एक मंडळ करतात. ते कंपनीशी एका रात्रीची रक्कम ठरवतात. मंडप, परवानगी, जाहिरात, तिकीटविक्री हे बहुतेक सगळं मंडळानं बघायचं. कंपनी आपले नट, नट्या, वाद्यवाले, पडदे घेऊन येते, प्रयोग करते आणि ठरलेले पैसे घेऊन जाते. कलावंताला दर प्रयोगाचे पैसे मिळतात, त्याला 'नाइट' म्हणतात. तिकिटं खपली तर उरलेली रक्कम मंडळाची. ती देवळाला, शाळेला, गावच्या एखाद्या कामाला जाते. तिकिटं खपली नाहीत, ऐन वेळी पाऊस आला, तर खड्डाही मंडळालाच.

मग प्रश्न येतो, पोरं ही जोखीम घेतात कशाला? आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. करमणुकीसाठी रात्रभर थंडीत बसायची गरज उरलेली नाही. तरीही गाव नाटक ठेवतं. माझ्या मते याचं उत्तर रंगमंचावर नाही, घराघरातल्या चुलीजवळ आहे.

आपल्या गावात नाटक ठरलं, की घरोघरी निरोप जातात. लेक-जावई, मामा, आत्या, व्याही, सगळ्यांना बोलावणं. 'आमच्या गावी नाटक आहे, या.' पाहुणे दुपारपासून यायला लागतात. जेवणं होतात. उपवर मुलामुलींची बोलणी निघतात, सोयरिकी जुळतात. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. हे वेळापत्रकही पाहुण्यांच्या सोयीचं आहे. पूर्वी रात्री परत जायला साधन नव्हतं. म्हणून नाटक उजाडेपर्यंत चालवायचं, म्हणजे पाहुण्यांच्या झोपायच्या सोयीचा प्रश्नच मिटला!

आणि इथंच हंगामाचं खरं इंजिन आहे. तुम्ही माझ्या गावच्या नाटकाला आलात, तर तुमच्या गावच्या नाटकाला मला यावं लागतं. आणि तुमच्या गावात नाटकच नसेल, तर तुम्ही मला बोलावणार कशाच्या निमित्तानं? म्हणून शेजारच्या गावानं नाटक ठेवलं, की आपणही ठेवायचं. एका लहानशा प्रदेशात एका हंगामात इतकी नाटकं होतात, यामागे कलेची आवड आहेच, पण परतफेडीची रीतही आहे. शहरातलं नाटक प्रेक्षकांवर चालतं. झाडीपट्टीचं नाटक यजमान आणि पाहुण्यांवर चालतं.

आता प्रत्यक्ष रात्रीकडे येऊ. सुरुवात होते उद्घाटनानं. परिसरातले पुढारी मंचावर येतात, सत्कार होतात, भाषणं होतात. लांबतात. शहरातला माणूस इथं वैतागतो. पण गावाच्या दृष्टीनं रस्त्याची, पाण्याची मागणी लोकांसमोर मांडायची हीच संधी असते. मग नाटक. विषय ओळखीचे : भावाभावांतली फूट, हुंडा, दारू, शेतकऱ्याचं कर्ज, गावचं राजकारण. भावना मोठ्या, आवाज मोठा, अभिनय ठसठशीत. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत तो पोहोचायचा असतो. एखादं विनोदी पात्र झाडीबोलीत बोलायला लागलं, की मंडपात हशा उसळतो. प्रमाणभाषेत बोलणारा नायक लोकांना आवडतो, पण झाडीबोलीत बोलणारा त्यांच्या घरातलाच वाटतो.

रोज गाव वेगळं, कधी नाटकही वेगळं. पाठांतराला वेळ कमी. म्हणून प्रॉम्प्टर हा या रंगभूमीचा फार महत्त्वाचा माणूस आहे. तो प्रेक्षकांना दिसत नाही, पण प्रयोग पुष्कळदा त्याच्या आवाजावर चालतो.

आणि संगीत. शीर्षकात नसलं, तरी झाडीपट्टीचं जवळजवळ प्रत्येक नाटक संगीत नाटकच असतं. रंगमंचालगत ऑर्गन, तबला-ढोलक, अलीकडे ऑक्टोपॅड. नट-नट्या गातात, वाद्यवाले जागेवर वाजवतात. नाट्यपदाच्या ढंगाचं गाणं, भावगीत, लावणी, सगळं एकाच रात्री. गाण्याला इथं तीन कामं आहेत. गोष्ट थांबवून भावना गडद करणं हे पहिलं. मागे पडदा बदलायला वेळ मिळवून देणं हे दुसरं. तिसरं सगळ्यांत साधं : रात्री दोन वाजता पेंगणाऱ्या माणसाला जागं करणं. 'वन्स मोअर' मिळाला, तर गाणं पुन्हा होतं. घाई कुणालाच नसते.

यावरून एक ऐतिहासिक तुलना करतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' केलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. नाटक कंपन्या वैभवात आल्या. मग १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत त्या मोठ्या कंपन्या एकामागून एक बसल्या. गाणं ऐकायला येणारा प्रेक्षक सिनेमाकडे गेला. झाडीपट्टीत मात्र संगीत नाटक टिकलं. एक कारण उघड आहे : तिथं गावोगावी वीज नव्हती, सिनेमागृह नव्हतं. पण हे कारण अपुरं आहे. वीज आली, टीव्ही आला, मोबाइल आला, तरी नाटक उरलंय. सिनेमा गाणं देऊ शकतो. पण 'आमच्या गावी या' असं बोलावणं तो देऊ शकत नाही.

म्हणजे सगळं छान चाललंय का? नाही. ही व्यवस्था किती नाजूक आहे, हे गेल्या काही वर्षांत दिसलंय. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि नाटक यांची इथं जुनी जोडी. दिवसा पट, रात्री नाटक. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. नाटकं थांबली नाहीत, पण दिवसा गर्दी आणणारा जोडीदार गेला. डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ साली घटनापीठानं शर्यतींचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात कोरोना येऊन गेला. त्या हंगामात पडदे पेटीतच राहिले. नाइटवर जगणाऱ्या माणसाला पगार नसतो. प्रयोग नाही तर चूल नाही, इतकं सरळ आहे.

दुसरा बदल हळू झाला, म्हणून कमी दिसतो. पूर्वी गावातलीच माणसं नाटक बसवायची. शेतकरी, शिक्षक, दुकानदार. बायकांची कामंही पुरुषच करत. हळूहळू तयार कंपन्या आल्या, बाहेरून नट्या आल्या, नेपथ्य सुधारलं, कलावंतांना रोजगार मिळाला. हा फायदा मोठा आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलावंतांकडे देशानं पाहिलं. पण त्याच वाटेवर गावातला नट प्रेक्षकांत जाऊन बसला. आणि जोखीम मंडळाची असल्यामुळे मंडळ कंपनीला विचारतं, 'डान्स किती आहेत?' कारण तिकीट त्यावर खपेल अशी भीती असते. नाटकापेक्षा नाच वाढला, की घरची बाईमाणसं यायची थांबतात. आणि ती थांबली, की पाहुणेही थांबतात. माझ्या दृष्टीनं खरा धोका हा आहे. सिनेमानं जे मोडलं नाही, ते अशा हिशोबानं मोडू शकतं.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातली एक घेतो. 'आम्ही शहरातले लोक या हंगामासाठी काय करू शकतो?' प्रश्न चांगला आहे. पहिली गोष्ट, ही रंगभूमी 'मागासलेली' आहे, तिला शहरातल्या दोन तासांच्या नाटकासारखं करावं, हा सल्ला देऊ नका. ती लांब आहे, कारण रात्र लांब आहे. दुसरी, संहितेची मदत होऊ शकते. दरवर्षी नवं नाटक लागतं आणि लिहिणारे हात थोडे आहेत. तिथल्या लेखकांशी बोला, त्यांची नाटकं वाचा, छापायला मदत करा. तिसरी, तिकडे जा. भाऊबीजेनंतर चौकशी सुरू करा, वडशापर्यंत रेल्वे जाते. सोबत जाड शाल घ्या. आणि शक्य असेल तर एकटे तिकीट काढून बसू नका. गावात कुणाची तरी ओळख काढा, संध्याकाळीच पोहोचा आणि त्यांच्याकडे जेवा. पाहुणे म्हणून बसलात, तर नाटक निम्मं आधीच कळलेलं असेल.

आणि हो, परत आल्यावर त्यांनाही आपल्याकडे बोलवा. तेवढी रीत पाळायला हवी.