मैदानातले मास्तर : देवधर लॉर्ड्सवर का नव्हते?

या आठवड्यात खरं तर अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक स्टॅग यांना शिकागो विद्यापीठातून पॅसिफिक कॉलेजात पोचवायचं होतं. सत्तरी गाठली म्हणून विद्यापीठाने घरी बसवलेला माणूस तिथे 1933 पासून आणखी चौदा मोसम पोरांना फुटबॉल शिकवतो, ही गोष्ट सोडवत नाही. पण मुरबाडच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आणि बेत बदलला. अमेरिकेतल्या 102 वर्षांच्या मास्तरांचं एवढं कौतुक, मग पुण्यातल्या 101 वर्षांच्या मास्तरांनी काय पाप केलं, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. खाली पुरवणी : एवढा मोठा फलंदाज एकही कसोटी कसा खेळला नाही?

स्टॅग थांबतील. त्यांना थांबायची सवय आहे.

दिनकर बळवंत देवधर पुण्यात 14 जानेवारी 1892 रोजी जन्मले. त्याच वर्षी स्टॅग शिकागो विद्यापीठात रुजू झाले. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत आणि सुट्ट्या जुळवून मोठे सामने खेळत. ‘प्रोफेसर’ ही उपाधी त्यांना अशी चिकटली की धावफलक वाचणाऱ्यांनाही ती पाठ झाली. 1911 ते 1946 हा त्यांचा प्रथम दर्जाच्या क्रिकेटचा काळ. पस्तीस वर्षं! आजचे खेळाडू एवढ्या काळात खेळून, निवृत्त होऊन, समालोचनालाही कंटाळलेले असतात.

आता कसोटीचं. 1926च्या डिसेंबरात आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ मुंबईत होता. मॉरिस टेटसारखा गोलंदाज त्यात होता. बॉम्बे जिमखान्यावर हिंदूंच्या संघाकडून सी. के. नायडूंनी 153 ठोकल्या, त्यात 11 षटकार. त्या खेळीवर इतकं लिहिलं गेलं की त्याच महिन्यात, त्याच मैदानावर अखिल भारतीय संघाकडून झालेलं दुसरं शतक झाकोळून गेलं. ते देवधरांचं, 148 धावांचं. नायडूंच्या खेळीने गर्दी वेडी झाली. देवधरांच्या खेळीने वेगळंच काम केलं : हिंदूंचा किंवा पारशांचा नव्हे, सगळ्यांचा मिळून झालेला संघ इंग्रजांसमोर उभा राहू शकतो, हे दिसलं. तुम्ही कसोटी खेळण्याच्या लायकीचे आहात, असं गिलिगनने इथल्या मंडळींना सांगितलं. 1928 मध्ये क्रिकेट नियामक मंडळ उभं राहिलं आणि 25 जून 1932 रोजी भारत लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळायला उतरला. देवधर त्या संघात नव्हते. चाळिशी पार झाली होती.

पण वय हे अर्धंच उत्तर. दोनच वर्षांपूर्वी विल्फ्रेड ऱ्होड्स वयाच्या 52व्या वर्षी इंग्लंडकडून कसोटी खेळला होता. आणि या दौऱ्याचं कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होतं, ते काही धावांच्या हिशेबाने नव्हे. महाराजांनी लॉर्ड्सवर बाजूला होऊन नायडूंना पुढे केलं, हा त्यांचा मोठेपणा. मात्र ज्या संघात कर्णधारासाठी अशी जागा निघाली, तिथे एका चाळिशीच्या प्राध्यापकासाठी निघाली नाही, हे खटकतंच.

पुढचं वाचलं की जास्तच खटकतं. रणजी स्पर्धा 1934 मध्ये सुरू झाली तेव्हा देवधर बेचाळीस वर्षांचे. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोनदा ती जिंकली. विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 केल्या त्या याच संघाकडून. 1940-41च्या मोसमात पुण्यात मुंबईची गाठ पडली. महाराष्ट्र 675, त्यात कर्णधाराच्या 246. म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस द्विशतक काढून वर आणखी 46 जोडतो. मुंबईनेही हार मानली नाही. रांगणेकरांचं द्विशतक आणि 650 पर्यंत मजल. पहिल्या डावाच्या आघाडीवर, 25 धावांच्या फरकाने, महाराष्ट्र पुढे गेला. 1944-45 मध्ये नवानगरविरुद्ध तर त्यांनी एकाच सामन्यात 105 आणि 141 केल्या. वय मोजणाऱ्यांनी मोजावं.

खेळपट्ट्या पाटा होत्या, म्हणून धावांचे डोंगर उभे राहिले, असा आक्षेप हमखास येतो. तो खराही आहे. मुरबाड-शहापूरकडे भातकापणी उरकली की खाचरातली धसकटं उपटून, पाणी मारून, धुमसाने जमीन चोपून पोरं टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवतात. तिथे चेंडू कधी घोट्याला लागेल, कधी कानाजवळून जाईल, नेम नाही. त्या पोरांना पुण्याच्या खेळपट्टीवर उभं केलं तर स्वर्गच. पण पन्नाशीत दिवसभर उन्हात पळून काढलेल्या धावांना पाटा खेळपट्टीचं कारण किती पुरतं?

स्टॅगशी जोडणारा धागा इथे आहे. स्टॅग संघ जिंकवत, पण त्यांचा खरा वारसा त्यांनी शिकवलेल्या पोरांत. देवधरांचंही तसंच. सुंदर, तारा आणि सुमन या त्यांच्या तीन मुलींनी 1940च्या दशकात बॅडमिंटनची राष्ट्रीय मैदानं गाजवली. पुढे देवधर राष्ट्रीय निवड समितीत बसले, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष झाले. ज्या दारातून त्यांना आत घेतलं नाही, त्याच दारावर कोणाला आत सोडायचं हे ठरवण्याची जबाबदारी आली. 1973 मध्ये त्यांच्या नावाचा एकदिवसीय करंडक सुरू झाला आणि तो पुढची वीस वर्षं त्यांनी स्वतः पाहिला. 24 ऑगस्ट 1993 रोजी ते गेले.

मुरबाडच्या गुरुजींनी पत्रात निंबाळकरांच्या 443 धावांचाही विषय काढलाय, ब्रॅडमनच्या विक्रमापासून नऊ धावांवर थांबलेल्या त्या खेळीचा. तेव्हा समोर असलेला राजकोटच्या ठाकोरसाहेबांचा संघ मैदानातून का निघून गेला, ते पुढच्या आठवड्यात. स्टॅग त्यानंतर.