त्रैक्यविचार : बडोद्याच्या वाटेने

इ. स. १८२५ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर बडोद्यास आले, तेव्हा गादीवर दुसरे सयाजीराव होते. दरबाराशी भेटीगाठी झाल्या, छावणीतील चर्चचा अभिषेक झाला आणि बिशपसाहेब पुढे खेडा शहराच्या बाजूस निघाले. त्याच प्रवासात स्वामिनारायण संप्रदायाचे प्रवर्तक सहजानंदस्वामी यांच्याशी ईश्वराचे एकत्व आणि अवतार या विषयांवर त्यांचे संभाषण घडले. आम्हां बडोदेकरांच्या दृष्टीने या पाहुण्याचे खरे महत्त्व मात्र दुसरीकडे आहे. इंग्लंडात हॉडनेट या लहानशा गावी पाद्री असताना, ख्रिस्ती पंचांगातील त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर या सिद्धांताच्या, रविवारासाठी त्यांनी जे स्तोत्र रचले, ते आज पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र गायिले जाते. आणि जॉन डाइक्स यांनी १८६१ मध्ये त्याला जी चाल दिली, तिचे नाव आहे ‘नायसिया’.

हे नाव ज्या नगरीचे, तेथे ३२५ साली, म्हणजे हीबर बडोद्यास येण्यापूर्वी बरोबर पंधराशे वर्षे, कॉन्स्टंटाइन बादशहाच्या हुकुमाने बिशपांची परिषद भरली होती. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो पित्याने निर्मिलेलाच आहे; परिषदेने ठरविले की पुत्र निर्मित नव्हे, पित्याशी एकतत्त्व आहे. पवित्र आत्म्याविषयीचा निर्वाळा ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत अधिक स्पष्ट झाला. वाद मात्र मिटला नाही, आणि तो केवळ शब्दांचाही राहिला नाही : त्रैक्य नाकारणारा मायकेल सर्व्हेटस हा स्पॅनिश वैद्य १५५३ साली जिनिव्हात जिवंत जाळला गेला, आणि असा नकार देणाऱ्यांवरील इंग्लंडातील शिक्षेची कलमे रद्द होण्यास १८१३ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे हा सिद्धांत कानी पडताच त्रिमूर्तीची आठवण होते, आणि ती आठवणच वाट चुकविते. ब्रह्मा, विष्णु आणि महेश हे उत्पत्ती, स्थिती आणि लय या कार्यांचे विभाग मानले, तर एकाच तत्त्वाची तीन कार्ये एवढाच अर्थ निघतो. आणि एकच ईश्वर प्रसंगपरत्वे तीन रूपे घेतो हे सबेलियसचे मत तर चर्चने तिसऱ्याच शतकात त्याज्य ठरविले होते. त्रैक्याचे म्हणणे याहून अवघड आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती परस्परांहून भिन्न, तत्त्व मात्र एक. म्हणजे सृष्टी नव्हती तेव्हाही ईश्वर एकाकी नव्हता, त्याच्या स्वरूपातच प्रेम करणारा आणि प्रेम स्वीकारणारा होता. या कल्पनेतील सौंदर्य ज्याला दिसले नाही, त्याने तीन बरोबर एक कसे, असा हिशेब मांडून तिची चेष्टा करू नये, असे मला मनापासून वाटते. केशवचंद्र सेनांनी १८८२ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात, आणि पुढे ब्रह्मबांधव उपाध्यायांनी आपल्या संस्कृत स्तोत्रात, सच्चिदानंदाच्या परिभाषेतून या सौंदर्याला वाट करून दिली.

मराठी माणसांपैकी या प्रश्नाशी सर्वांत प्रामाणिक झुंज घेतली ती पंडिता रमाबाईंनी. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेती झाली खरी. पण ज्या ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रयाला ती होती, त्यांच्या पंथाची सगळी मते तिने एका घोटात गिळली नाहीत. त्या जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या तिच्या पत्रव्यवहारात तिचा आग्रह एकच दिसतो : शास्त्रात हे कोठे सांगितले आहे, ते दाखवा. धर्मगुरूंच्या अधिकारावर विसंबून अथॅनेशियसच्या नावाने चालत आलेला विश्वासनामा मान्य करण्यास तिने साफ नकार दिला. योहानाच्या पहिल्या पत्रातील तीन साक्षींचे जे वचन त्रैक्याचा उघड आधार मानले जाई, ते १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या करारातून प्रक्षिप्त म्हणून गळाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या मागणीतील धार कळते. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. मला यात शास्त्रार्थाच्या घरात वाढलेल्या मुलीचे इमान दिसते. याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली जे धार्मिक जागरण उसळले, त्याच्या केंद्रस्थानी पवित्र आत्म्याचा अनुभव होता. वादात जे तिला पटविता आले नाही, ते प्रार्थनेत तिच्या अंगणी आले.

दुसरी वाट विठ्ठल रामजी शिंदे यांची. या वाटेला बडोद्याच्या खजिन्याचा हात लागला आहे, कारण शिंदे यांच्या शिक्षणाला तिसऱ्या सयाजीराव महाराजांचा द्रव्याश्रय होता. १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले. हे कॉलेज त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियनांचे, आणि एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखा तौलनिक धर्माभ्यासाचा जाणता तेथे शिकवीत असे. सर्व्हेटसला ज्या मतासाठी चितेवर चढावे लागले, ते मत येथे सभ्यपणे आणि ग्रंथांच्या आधाराने शिकविले जात होते. १९०३ साली अॅम्स्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत निबंध वाचून ते परतले, प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन उभारून बसले. रमाबाई त्रैक्याच्या आत गेल्या, शिंदे बाहेर राहिले. पण दोघांचीही पावले ज्यांना कोणी वाली नव्हता त्यांच्याच दारी गेली.

महाराजांची जिज्ञासा एवढ्यावर थांबली नाही. बडोदा कॉलेजात तौलनिक धर्माभ्यासासाठी त्यांनी अल्बन विजरी यांना नेमले, आणि त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९२२ साली बडोद्यातूनच निघाला. धर्माची परीक्षा पाठशाळेत, दप्तरे उघडून, कोणालाही न जाळता व्हावी, ही तजवीज एका संस्थानिकाने आपल्या तिजोरीतून केली. आणि त्रैक्य मानणाऱ्याला व न मानणाऱ्याला एकाच बाकावर बसण्याची मुभा मिळाली, हे मला या शहराच्या इतिहासातील फार मोठे काम वाटते.