पाणपक्ष्यांच्या शिकारीला खुला हंगाम नाही

बंगळुरूच्या हेब्बाळ तलावावर हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक असे स्थलांतरित पक्षी उतरतात. हळदी-कुंकू बदक तर तेथे बारमाही असते. एके काळी अशा पक्ष्यांची शिकार हंगाम पाहून केली जाई. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ च्या कायद्यान्वये प्रांतिक सरकारे शिकारबंदीचा काळ जाहीर करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानेही बदकांची शिकार परवान्यावर ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवानेच संपुष्टात आले. त्यामुळे आता कोणताही महिना शिकारीसाठी खुला नाही.

शिकार म्हणजे केवळ बंदूक नव्हे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. फासे लावणे, आमिष दाखवणे, पक्षी पकडणे, अंडी फोडणे, इतकेच काय, घरटे विस्कटणे हीदेखील कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारच होय. लव्हाळ्यातील पाणकोंबडीचे घरटे कुतूहलापोटी उचकणारा हौशी पर्यटकही या व्याख्येत सापडू शकतो.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्रजातींसाठी कैद किमान तीन व कमाल सात वर्षांची आहे. पिकांची हानी, संशोधन अशा मोजक्या कारणांसाठीच सवलत आहे आणि तीही वन्यजीव विभागाच्या लेखी परवानगीने.