मातीच्या घराचा कागदांवरचा माग

नागपूरहून सेवाग्राम 75 किलोमीटरच्या आसपास. विदर्भातल्या बहुतेक मुलांच्या शाळेची एखादी सहल तरी तिथे जातेच. आदि निवास, बापूकुटी, कंदील, सापांना पकडून लांब सोडून देण्यासाठीचा लाकडी चिमटा आणि पिंजरा, सगळं पाहून होतं, फलक वाचून होतो, आणि गांधीजी साधे राहत एवढं लक्षात राहतं. पण ही घरं म्हणजे एक प्रयोग होता. खेड्यातल्या माणसाला परवडेल, खेड्यातलाच माणूस बांधू शकेल आणि तरीही हवेशीर, स्वच्छ असेल असं घर होतं का, हे 1936 साली तिथे प्रत्यक्ष बांधून पाहिलं गेलं. प्रयोग म्हटला की त्याची टिपणं असतात. या घरांची टिपणं वर्धा, अहमदाबाद, दिल्ली आणि थोडीफार नागपूर अशी विखुरलेली आहेत. ती कशी गोळा करायची आणि कशी वाचायची, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

घर उभं असताना कागद कशाला, असं कुणीही विचारेल. दगडी वाड्यात हा प्रश्न रास्त ठरला असता, कारण तिथे चिराच साक्ष देतो. मातीचं घर मात्र दरवर्षी थोडं थोडं नवं होतं. आपल्याकडे पावसाळ्याआधी कवेलू फेरतात, फुटकी बदलतात. भिंतींना पोतारा होतो, जमीन सारवली जाते, वाळवी लागलेला बांबू काढून दुसरा बसतो. घर जिवंत ठेवण्याची रीतच ही आहे. त्यामुळे आज आपण हात लावतो ती माती 1936 ची आहे असं धरून चालता येत नाही. आकार जुना, साहित्य नवं. कुठली भिंत मूळची, कुठली पडवी मागाहून जोडलेली, हे ठरवायचं तर पत्रं, हिशेब आणि छायाचित्रं हाच आधार.

शोध सुरू करण्याआधी एक अडसर दूर करावा लागतो, तो नावाचा. 1936 मध्ये ‘सेवाग्राम’ नावाचं गाव नव्हतं. गाव होतं सेगाव. गांधीजींचं टपाल वारंवार बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून 1940 मध्ये नाव बदललं. सूचीत नुसतं ‘सेवाग्राम’ शोधणाऱ्याच्या हाती बांधकामाच्या काळातला एकही कागद लागणार नाही. मीराबेनचंही तसंच. काही दफ्तरांत त्या मीराबेन आहेत, तर सरकारी कागदांत मॅडलिन स्लेड. ब्रिटिश ॲडमिरलची ही मुलगी 1925 साली भारतात आली आणि सेगावात गांधीजींच्या आधी जाऊन राहिली. आदि निवासाच्या बांधकामावर देखरेख तिची आणि बलवंतसिंह यांची. ही सगळी नावं आधी एका कागदावर लिहून घ्यावीत, मग सूची उघडावी.

पहिली पायरी गांधीजींच्या संकलित वाङ्मयाची. इंग्रजीत त्याचे 100 खंड आहेत आणि ते गांधी हेरिटेज पोर्टलवर घरबसल्या वाचता येतात. 62 वा खंड ऑक्टोबर 1935 ते मे 1936 या काळाचा, म्हणजे सेगावला जाण्याच्या निर्णयाचा. त्यात 19 मार्च 1936 ची जमनालाल बजाजांना लिहिलेली चिठ्ठी आहे. सेगाव ही जमनालालजींची मालगुजारी, त्यामुळे परवानगी त्यांचीच घ्यायची. गांधीजी लिहितात की बांची, म्हणजे कस्तुरबांची, इच्छा असेल तर त्यांच्यासह, नाहीतर एकट्यानेच सेगावात झोपडी बांधून राहावं असं मनात आहे, खर्च कमीत कमी व्हावा आणि तो कोणत्याही परिस्थितीत 100 रुपयांवर जाऊ नये.

आता सेवाग्रामला कुणालाही आदि निवासाचा खर्च विचारा, आकडा मिळेल 500 रुपये. माहितीपत्रकांतही हाच आकडा सांगितला जातो. नवखा अभ्यासक इथे गडबडतो आणि दोहोंपैकी एक खोटा ठरवायला निघतो. मला ती घाई चुकीची वाटते. मार्चची चिठ्ठी म्हणजे बांधकामाआधीचा संकल्प आहे, आणि तोही एका झोपडीचा. गांधीजी 30 एप्रिलला सेगावला आले, मग नंदी हिल्सला जाऊन जूनमध्ये परतले, तेव्हा त्यांच्यासाठी जे घर तयार होतं, म्हणजे आदि निवास, त्यात पुढे बा, प्यारेलाल, पाहुणे असे कितीतरी जण एकत्र राहिले. खान अब्दुल गफार खान तिथे राहून गेले, आपले तुकडोजी महाराजही राहिले. दोन माणसांची झोपडी आणि इतक्या माणसांचं घर यांची किंमत सारखी असणार नाही. संकल्पाचा आकडा, मागाहून सांगितला गेलेला आकडा आणि हिशेबाच्या वहीतला आकडा हे तीन वेगळे पुरावे आहेत, ते वेगळेच मांडायला हवेत. तिसऱ्यासाठी जमनालालजींच्या कागदपत्रांकडे वळावं लागतं. ती दिल्लीच्या तीन मूर्ती भवनात आहेत. नेहरू स्मारक संग्रहालय म्हणून आपण ओळखत होतो तीच ही संस्था, आता तिचं नाव पंतप्रधान संग्रहालय. जमनालालजींची रोजनिशी हिंदीत छापलेलीही आहे.

संकलित वाङ्मयातल्या प्रत्येक पत्राखाली बारीक अक्षरात एक ओळ असते. बहुतेक वाचक ती गाळतात. संशोधकाने मात्र तीच आधी वाचावी. तिथे ‘एस.एन.’ आणि पुढे क्रमांक असेल तर तो कागद साबरमतीच्या संग्रहालयात आहे. ‘जी.एन.’ असेल तर दिल्लीच्या गांधी स्मारक निधी व संग्रहालयात. ‘सी.डब्ल्यू.’ म्हणजे संकलित वाङ्मयाच्या संपादकांनी मिळवलेला कागद. पत्र मुळात गुजराती की हिंदी, तेही तिथेच कळतं, आणि आपण वाचतोय तो अनुवाद आहे याची आठवण राहते. एवढी एक ओळ वहीत उतरवली की पत्र नेमकं कुठल्या दारी मागायचं ते ठरतं. सावधगिरी एकच: याच वाङ्मयाची पुढे सीडीवर आलेली आवृत्ती निराळी आहे आणि तिचे खंडक्रमांक जुळत नाहीत. म्हणून संदर्भ देताना खंडापेक्षा तारीख महत्त्वाची.

तारखांच्या क्रमाने वाचलं की काय हाती लागतं, याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण पाच मैलांच्या नियमाचं आहे. घराचं साहित्य पाच मैलांच्या परिसरातलंच असावं, हे गांधीजींचं म्हणणं आज वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं. केरळात कमी खर्चाची घरं बांधणाऱ्या लॉरी बेकर यांनी ते जगभर पोचवलं. आपण समजतो की आधी नियम झाला आणि मग त्याबरहुकूम आदि निवास बांधला. ‘हरिजन’चे अंक काढून पाहा. आदर्श खेड्यातली घरं उजेडाची, हवेशीर आणि पाच मैलांत मिळणाऱ्या साहित्याची असावीत हे वाक्य 9 जानेवारी 1937 च्या अंकात आहे. आदि निवासात गांधीजी त्याआधी सहा-सात महिने राहत होते, एक पावसाळा त्यांनी त्या छपराखाली काढला होता. त्या वाक्यामागे काळ्या मातीतल्या गावात मुक्काम केलेल्या माणसाचा अनुभव आहे.

दुसरा मुक्काम वर्ध्यातलं मगन संग्रहालय. मगनलाल गांधींच्या नावाच्या या संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनीच 30 डिसेंबर 1938 रोजी केलं. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम इथल्याच मगनवाडीतून चाले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. चरखे, घाण्या, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप या वस्तू नुसत्या पाहून पुढे सरकू नये. घर हे या सगळ्या प्रयोगांचं आवरण होतं. दिवा कोणता, चूल कोणती, धान्य कुठे ठेवायचं, यावर खिडकी आणि धुराडं ठरतं. म्हणून कुटीचा अभ्यास करणाऱ्याने संघाची ‘ग्रामोद्योग पत्रिका’ही चाळावी. कुमारप्पांची कागदपत्रं दिल्लीत तीन मूर्तीलाच आहेत.

छायाचित्रांत सर्वांत समृद्ध ठेवा कनु गांधींचा. फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला उभं राहायला सांगायचं नाही आणि आश्रमाकडून पैसे मिळणार नाहीत, या गांधीजींच्या अटी पाळून त्यांनी 1938 च्या सुमारापासून दहा वर्षं चित्रं टिपली. त्यांत माणसांच्या मागे जे दिसतं तिकडे लक्ष द्यावं: दाराची उंची, चटई, छपराचा उतार, पडवीचा खांब. फ्लॅश नसल्यामुळे खोलीत दिवसा किती उजेड येई, हेही ही चित्रं सांगतात. ती घेऊन बापूकुटीत जावं आणि भिंतीवरचं ताडाचं झाड आणि चरखा जवळून पाहावा. मीराबेनने मातीतच उठावाने काढलेली ती चित्रं आहेत. ही कुटी तिने स्वतःसाठी बांधली होती, गांधीजी तिथे मागाहून राहायला आले, आणि हे एकदा कळलं की भिंतीवरचं नक्षीकाम तिथे का आहे याचा उलगडा होतो.

नागपूरचा वाटा लोक विसरतात. त्या काळी नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. इथल्या पुराभिलेखागारात प्रांताच्या कारभाराची दफ्तरं आहेत. 1911 पासून इथून निघणारा ‘हितवाद’ आणि ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’ यांच्या जुन्या फायली जिथे मिळतील तिथे पाहाव्यात, कारण सेगावला येणाऱ्या-जाणाऱ्यांची बातमी आधी नागपुरात छापली जाई. अभिलेखागारात जाताना ओळखपत्र, विषयाचं अर्ध्या पानाचं टिपण आणि पेन्सिल न्यावी. शाईचं पेन जुन्या कागदाजवळ आणू नये. ‘गांधीजींबद्दल काही आहे का’ असं विचारल्यास ढीग समोर येतो, ‘1936, वर्धा जिल्हा, सेगाव’ असं मागितल्यास फाइल मिळते.

1978 च्या जानेवारीत इव्हान इलिच हा विचारवंत सेवाग्रामला आला होता. बापूकुटीत बसून त्याला जे सुचलं ते त्याने तिथल्या परिषदेत सांगितलं. त्या भाषणाचे अनुवाद झाले, पण कुटी बांधणाऱ्या सेगावच्या सुतार-मजुरांबद्दल आपण अजून फार थोडं लिहिलं आहे. वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, नागपूर भागात ज्यांच्या घरी आजोबांच्या पेटीत सेगावची चिठ्ठी, बांबू-कवेलूची पावती किंवा आश्रमातलं एखादं छायाचित्र असेल, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि माहीत असेल तर साल लिहावं, आणि निदान एक प्रत सेवाग्राम आश्रमाकडे किंवा मगन संग्रहालयाकडे द्यावी.