सांस्कृतिक स्वीकार व अपहार : वयःप्रवेशविधी आणि वेशभूषा

एका मानवसमूहाचे संस्कार, चिन्हे, वेश वा अलंकार दुसऱ्या समूहातील व्यक्तींनी त्यांचा अर्थ जाणून व मूळ समूहाच्या संमतीने अनुभवणे वा वापरणे, यास सांस्कृतिक स्वीकार म्हणतात. तीच गोष्ट मूळ समूहास डावलून, अर्थाची उपेक्षा करून अथवा केवळ लाभासाठी उचलली, तर तो सांस्कृतिक अपहार ठरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मानवशास्त्र, विधी व कलासमीक्षा या क्षेत्रांत हा भेद चर्चिला जात आहे. वयात येण्याच्या संस्कारांबाबत तो विशेष नाजूक ठरतो; कारण तेथे वेश हा केवळ शोभेचा नसून व्यक्तीच्या बदललेल्या दर्जाची खूण असतो.

आर्नोल्ड व्हॅन गेनेप याने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संक्रमणविधींचे वियोग, संक्रमण व पुनःप्रवेश असे तीन टप्पे दाखविले. या टप्प्यांत जुना वेश टाकून नवा धारण करणे ही कृती वारंवार आढळते. उपनयनात बटूस मेखला, दंड व यज्ञोपवीत दिले जाते. जपानमधील प्राचीन गेंपुकु विधीत मुलाची केशरचना बदलून त्यास प्रौढाचे शिरोवस्त्र देत. अशा वेशाला तीन बंधने असतात : तो कोणी घ्यावा, केव्हा घ्यावा आणि कोणाच्या हातून घ्यावा. तथापि ही बंधने सर्वत्र सारखीच कडक नसतात, हे पुढील दोन उदाहरणांवरून दिसून येईल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागातील अ‍ॅपाची जमातींत मुलीच्या प्रथम ऋतुदर्शनानंतर चार दिवसांचा संस्कार करतात. मुलगी मृगाजिनाचा झालरदार पोशाख घालते, दीर्घकाळ नृत्य करते व तिच्यावर पिवळ्या परागांचे सिंचन होते. त्या काळात तिच्या ठायी आदिमातेची शक्ती वसते, अशी श्रद्धा असल्याने वडीलधारी माणसेही तिच्याकडून आशीर्वाद घेतात. हा पोशाख त्या चार दिवसांवाचून निरर्थक होय. १८८३ मध्ये शासनाने केलेल्या नियमांनी मूळ अमेरिकनांची अनेक नृत्ये व विधी दंडनीय ठरविले होते. त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा स्वतंत्र अधिनियम १९७८ मध्ये झाला. हीच गोष्ट मैदानी प्रदेशातील जमातींच्या गरुडपिसांच्या शिरोभूषणाची. त्यातील पिसे पराक्रमाने वा सेवेने मिळवावी लागतात. २०१२ मध्ये अंतर्वस्त्रे विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने आपल्या प्रदर्शनात असे शिरोभूषण वापरले, तेव्हा तीव्र निषेध झाला व कंपनीस क्षमा मागावी लागली. ज्यांच्या पूर्वजांना स्वतःचे विधी करण्याबद्दल शिक्षा होत असे, त्यांच्या चिन्हाचा इतरांनी मौजेखातर उपयोग करावा, हे या निषेधाचे मूळ होते. याउलट मेस्कालेरो अ‍ॅपाचींच्या वार्षिक सोहळ्यास बाहेरची माणसे त्यांचे नियम पाळून प्रेक्षक म्हणून उपस्थित राहू शकतात. पाहुणा होणे आणि अधिकारी होणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

जपानमधील परिस्थिती निराळी आहे. १९४८ च्या कायद्याने १५ जानेवारी हा ‘प्रौढत्वदिन’ म्हणून सार्वजनिक सुटीचा दिवस ठरला. २००० पासून तो जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी पाळतात. २०२२ मध्ये कायदेशीर प्रौढत्वाचे वय २० वरून १८ वर आले, तरी बहुतेक नगरपालिका हा समारंभ वीस वर्षे वयाच्या तरुणांसाठीच करतात. तरुणी या दिवशी फुरिसोदे हा लांब बाह्यांचा किमोनो नेसतात. तो आईकडून लाभतो, विकत घेतला जातो किंवा भाड्याने आणला जातो. तो अविवाहित तरुणीचा वेश असला, तरी त्यावर गुप्ततेचे बंधन नाही. क्योटोसारख्या शहरांत परदेशी प्रवाशांनाही किमोनो भाड्याने देण्याचा व्यवसाय चालतो आणि तेथील विणकर व दुकानदार या गिऱ्हाइकांचे स्वागत करतात.

असे असूनही किमोनोवरून वाद झाले आहेत. बॉस्टन येथील ललित कला संग्रहालयाने २०१५ मध्ये क्लोद मोने याच्या १८७६ मधील चित्रापुढे, चित्रातील लाल किमोनोची प्रतिकृती अंगावर घालून पाहण्याची सोय केली होती. आशियाई वंशाच्या काही अमेरिकनांनी निदर्शने केल्यावर ती रद्द झाली व प्रतिकृतीस केवळ स्पर्श करण्याची मुभा उरली. अनेक जपानी लोकांना मात्र त्यात काही वावगे वाटले नाही. या मतभेदाचे कारण इतिहासात शोधावे लागते. १९४२ पासून अमेरिकेत जपानी वंशाच्या सु. १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. संशयाच्या भीतीने कित्येक कुटुंबांनी घरातील जपानी वस्तू नष्ट केल्या. एकाच वेशाकडे बहुसंख्य म्हणून नांदणारा समाज अभिमानाने पाहतो, तर अल्पसंख्य म्हणून अपमान सोसलेला समाज सावधपणे पाहतो. त्यामुळे ‘मूळ समूहाची संमती’ म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न सोपा राहत नाही. २०१९ मध्ये एका अमेरिकन उद्योजिकेने ‘किमोनो’ हेच नाव आपल्या अंतर्वस्त्रांसाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवू पाहिले, तेव्हा मात्र क्योटोच्या महापौरांनी पत्र लिहून हरकत घेतली व पुढे ते नाव बदलण्यात आले. वेश नेसल्याने इतरांचा हक्क हिरावला जात नाही; त्याच्या नावावर मक्तेदारी सांगितल्याने तो हिरावला जातो.

मात्र ‘अधिकाऱ्यानेच चिन्ह धारण करावे’ हा नियम दुबळ्यांचे जसे रक्षण करतो, तसा तो बलिष्ठांच्या हातीही पडू शकतो. महाराष्ट्राच्या इतिहासात याची उदाहरणे आहेत. १६७४ मध्ये राज्याभिषेकापूर्वी छत्रपती शिवाजी महाराजांचे मौंजीबंधन करावे लागले, कारण त्यांच्या क्षत्रियत्वाबद्दल शंका घेण्यात आली होती. १८९९ पासून कोल्हापुरात शाहू महाराजांना वेदोक्त विधींचा अधिकार नाकारण्यावरून मोठा वाद झाला. येथे संस्कार वा चिन्ह मागणारा ते हिरावून घेत नव्हता, तर समान प्रतिष्ठा मागत होता. अशा मागणीस अपहार म्हणता येत नाही.

सारांश, स्वीकार व अपहार यांचा निर्णय वेश परका आहे की आपला, एवढ्यावरून होत नाही. तो वेश अर्जित दर्जाचा आहे की सर्वांस खुला, तो देणारे कोण, लाभ कोणास मिळतो आणि त्या समूहास तो वापरण्यास पूर्वी बंदी होती काय, हे प्रश्न विचारावे लागतात. मृगाजिनाचा पोशाख व फुरिसोदे हे दोन्ही तरुण मुलीच्या प्रौढत्वाचेच वेश होत. परंतु पहिल्यापुढे पाहुण्याने प्रेक्षक राहणे उचित ठरते, तर दुसरा यजमान स्वतःच पाहुण्यास नेसवितो.