अंगकोर : शिळांचा हिशेब आणि माणसांचा

कंबोडियातील अंगकोरची मंदिरे पाहून परतणारा भारतीय प्रवासी बहुधा एकाच भावनेने भारावलेला असतो. आपली संस्कृती किती दूरवर पोचली होती! विष्णूला वाहिलेले अंगकोर वाट, त्याच्या भिंतीवरील समुद्रमंथन आणि संस्कृतातील शिलालेख पाहिल्यावर असा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेवढ्यावरच थांबणे ख्मेर लोकांवर अन्याय करणारे ठरेल. देवांची नावे भारतातून गेली. शिळा वाहणारे हात, त्या हातांना पोसणारा तांदूळ आणि तो पिकविणारे पाणी मात्र तेथलेच होते.

अलीकडेच तीन दिवस या परिसरात हिंडण्याचा योग आला. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला अशा ठिकाणी शिल्पाच्या सौंदर्याइतकाच त्यामागचा जमाखर्च खुणावतो, आणि अंगकोरने तो दगडावर कोरूनच ठेवला आहे. सातव्या जयवर्मनाने बांधलेल्या ता प्रोम मंदिराच्या ११८६ सालच्या शिलालेखात देवस्थानच्या सेवेस लावून दिलेली ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे नोंदलेली आहेत. त्यांत ६१५ नर्तकी आहेत. राज्यभरातील १०२ रुग्णालयांचा उल्लेखही त्याच लेखात सापडतो. ही सेवा सर्वांनी स्वेच्छेने पत्करली होती असे मानण्याचे कारण नाही. तरीही मंदिर माणसांच्या श्रमावर उभे आहे, ही गोष्ट त्या राजवटीने लपविली नाही.

या श्रमशक्तीचा पाया पाण्यात होता. अकराव्या शतकातील पश्चिम बाराय हा जलाशय सुमारे आठ किलोमीटर लांब व दोन किलोमीटर रुंद आहे. १२९६-९७ मध्ये येथे राहिलेल्या चौ ता-क्वान या चिनी वकिलातीतील गृहस्थाने वर्षाला तीन-चार पिके निघत असल्याचे लिहून ठेवले आहे. व्यापार स्त्रियांच्या हाती असून त्या जमिनीवर चटई अंथरून माल मांडतात आणि जागेबद्दल अधिकाऱ्यांना भाडे देतात, असेही तो सांगतो. बायोन मंदिराच्या बाहेरील भिंतींवर हेच जीवन कोरलेले दिसते : बाजार, मासेमारी, कोंबड्यांची झुंज, बैलगाड्या, चुलीवरचा स्वयंपाक.

हे जीवन आजही संपलेले नाही. बांते स्रेईच्या रस्त्यावर ताडाच्या रसाचा गूळ कढविणारी कुटुंबे भेटतात. अंगकोर वाटच्या पश्चिम द्वारातील अष्टभुज विष्णूपुढे बौद्धधर्मी ख्मेर स्त्रिया उदबत्त्या लावतात. त्यांच्या लेखी तो या भूमीचा रक्षणकर्ता आहे. अंगकोर उद्यानाच्या सुमारे ४०० चौरस किलोमीटर क्षेत्रात ११२ जुन्या वस्त्या असून तेथील लोकसंख्या एक लाखाहून अधिक आहे.

येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. १९९२ साली अंगकोर जागतिक वारसा ठरले आणि १९७५ ते ७९ या काळातील संहारातून सावरणाऱ्या देशाला उत्पन्नाचे एक साधन लाभले. परदेशी प्रवाशांसाठी तीन दिवसांच्या प्रवेशिकेचा दर २०१७ साली ६२ डॉलर करण्यात आला. पर्यटनामागोमाग वस्तीही वाढली. तेव्हा २०२२ पासून सरकारने सुमारे दहा हजार कुटुंबांना रुन ता एक आदी ठिकाणी हलविण्याची मोहीम हाती घेतली. जुन्या वस्त्यांना हात लावलेला नाही, हलविले जाणारे नंतर आलेले अतिक्रमक असून ते राजीखुशीने जात आहेत, असे सरकारचे म्हणणे. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने मात्र २०२३ च्या अहवालात याला सक्तीचे निष्कासन म्हटले.

अनिर्बंध वस्तीने भूजल उपसले जाते, सांडपाणी वाढते आणि जुन्या पायांना धोका पोचतो, हे नाकारता येणार नाही. संरक्षणाला मर्यादा हव्यातच. पण त्याचा लाभ साऱ्या जगाला आणि त्याची किंमत मात्र फेरीवाले, हातमजूर व टुकटुकवाले यांना, ही वाटणी कोणत्याही अर्थशास्त्रात न्याय्य ठरत नाही. मंदिराच्या दारी ज्याचा रोजगार आहे, त्याला वीस-पंचवीस किलोमीटरवर भूखंड दिला म्हणजे घर मिळाले तरी पोट तुटते. रोजच्या मिळकतीतील काही भाग प्रवासखर्चातच जातो.

वारसा जपण्यावरील खर्चात या विस्थापितांचे पाणी, शाळा, दवाखाना आणि रोजगार यांचा समावेश झाला पाहिजे, आणि प्रवेशिकांच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ठरला पाहिजे. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाने आपल्या मंदिरासाठी राबणारी माणसे मोजली होती. आजच्या शासनाने आणि तिकीट काढून शिळा पाहणाऱ्या आपण सर्वांनी निदान तेवढे तरी करावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.