आजारातून उठलेलं मूल आणि मैदान

२०२० मध्ये इथल्या हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने कोविडच्या जोखमीनुसार खेळांचे तीन गट केले. गोल्फ कमी जोखमीचा, बास्केटबॉल मध्यम, कुस्ती आणि अमेरिकन फुटबॉल सर्वांत जास्त. सरावाआधी तब्येतीची चौकशी, प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी, असे नियम आले.

पण पालकांनी जपायचा नियम आजारानंतरचा आहे. कोविडमुळे क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. म्हणून ताप उतरला की लगेच मॅच नाही. व्यायाम हळूहळू वाढवायचा. छातीत दुखलं, धाप लागली किंवा धडधडलं, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

टीममधली जागा जाईल या भीतीने मुलं दुखणं लपवतात. त्यांना आजच सांगा, ‘मॅच हुकली तर चालेल, पण आमच्यापासून काही लपवू नकोस.’